उभं मॅटर

आयुष्यात मी एकाच माणसाला मेमो दिला. ज्याला दिला त्यानेच तो जुळवला, कारण त्या दुपारी प्रेसमध्ये दुसरा कंपोझिटर मोकळा नव्हता. जुळवता जुळवता त्याने माझी शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त केली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, ते सहासष्टचे. प्रेसमध्ये सगळे त्यांना नाना म्हणत, मीही नानाच म्हणायचे.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. नानांचं माझ्यावर ऋण आहे ते एका प्रश्नाचं. त्यांनी तो प्रश्न माझ्या हवाली केला आणि उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असतं तर मी ते केव्हाच विसरून गेले असते.

१९७९ साली मी चिपळूणहून मुंबईला आले. पदवी होती, नोकरी नव्हती. गिरगावातल्या एका छापखान्यात प्रूफरीडरसमोर बसून मूळ कॉपी मोठ्याने वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, तिथे चिकटले; पुढे मीच प्रूफरीडर झाले. खाली मशीनखाता: दोन ट्रेडल, एक जुनं सिलिंडर. वर पोटमाळ्यावर कंपोझिंग. तिथे शिशाचा आणि रॉकेलचा वास कायम भरून राहिलेला. शिसं बाधू नये म्हणून कंपोझिटरांना रोज दुपारी गुळाचा खडा मिळायचा. नाना त्यातला अर्धा खडा मला द्यायचे. म्हणायचे, ‘‘शिसं आम्ही हातानं खातो, तुम्ही डोळ्यानं.’’

नाना सातवी शिकलेले. इंग्रजी ते शाळेत शिकले नाहीत, स्टिकमध्ये शिकले. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवताना हातातल्या स्टिकमध्ये बसतात ते डोक्यावर उभे. त्यामुळे इंग्रजी त्यांना उलटं सहज वाचता यायचं आणि छापलेलं सरळ पान समोर आलं की अडखळायला व्हायचं. एखादा शब्द सापडेना की पुस्तक फिरवून उलटं धरायचे. माझ्यासारखीला हसू यायचं. पुढे कळलं की मी ज्या पुस्तकांची फक्त नावं ऐकली होती, ती या माणसाने तिशीतच अक्षर अक्षर हाताळून वाचली होती.

मी तेव्हा एका अभ्यासमंडळात जायचे. दर रविवारी आठ-दहा जण, चहा, आणि एक ज्येष्ठ कॉम्रेड. पिशवीत लेनिनचं राज्यसंस्थेवरचं पुस्तक असायचं. १९१७ च्या उन्हाळ्यात भूमिगत असताना त्याने लिहिलेलं. मॉस्कोहून आलेली ती पुस्तकं फोर्टातल्या पीपल्स बुक हाउसमध्ये इतकी स्वस्त मिळायची की उपाशी राहूनही घेता येत. एकदा पिशवी कलंडली आणि पुस्तक नानांच्या पायाशी पडलं. त्यांनी उचललं, शाईची बोटं लागू नयेत म्हणून दोन मनगटांत धरलं आणि विचारलं, ‘‘वाचलंस?’’

‘‘दोनदा.’’

‘‘मग सांग. कामगारांचं राज्य आलं. भांडवलदार गेला. पुढे त्या राज्याचं काय होतं?’’

‘‘ते हळूहळू विरून जातं,’’ मी म्हटलं. एंगल्सने १८७८ साली ड्यूरिंगवरच्या पुस्तकात मांडलेलं ते उत्तर आम्हाला पाढ्यासारखं पाठ होतं.

नाना काही बोलले नाहीत. मला कोपऱ्यातल्या घोडीपाशी घेऊन गेले. तिथे दोऱ्याने बांधलेली मॅटरं, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांचे गठ्ठे, ठेवलेली असायची. पुन्हा छापायला लागतील म्हणून न सोडलेली. बिलबुकांचे मथळे, शाळेचे दाखले, लेटरहेडं. नानांनी एक गठ्ठा पुढे ओढला. कुणा वकिलाचं लेटरहेड. वरती धुळीचा थर.

‘‘हे वकील वारले त्याला पाच वर्षं झाली,’’ नाना म्हणाले. ‘‘गिऱ्हाईकच राहिलं नाही. याचं काम संपलं ना? मग विरलं का?’’

छापखान्यात न गेलेल्यांसाठी सांगते. मॅटर जुळवणं जितकं महत्त्वाचं तितकंच ते सोडणं. छापून झालं की खिळे धुवायचे, एकेक ओळ हातात घ्यायची आणि प्रत्येक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचं. कंटाळवाणं काम. त्याचं कौतुक कोणी करत नाही, गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही, म्हणून ते उद्यावर जातं. पण न सोडलेलं मॅटर म्हणजे अडकून पडलेलं शिसं. आमच्याकडे नव्या कामाला ‘र’ कमी पडायचा तेव्हा नाना म्हणायचे, ‘‘वकीलसाहेबांकडे आहेत दोन.’’

‘‘मॅटर आपोआप सुटत नाही,’’ त्या दिवशी ते म्हणाले. ‘‘कोणीतरी बसून सोडावं लागतं. तुझ्या पुस्तकात ते कोण सोडणार, ते कुठल्या पानावर आहे ते मला दाखव.’’

मी रविवारी जाऊन ज्येष्ठ कॉम्रेडना हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, हा अराजकवाद्यांचा जुना प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देऊन झालेलं आहे. काय उत्तर, ते मात्र चहा आल्यामुळे राहिलं.

प्रश्न जुना होता, हे खरं. अराज्यवादी बाकुनिनला १८७२ मध्ये हेग इथल्या अधिवेशनात मार्क्सच्या गटाने कामगारांच्या इंटरनॅशनलमधून काढलं. पुढच्या वर्षी त्याने राज्यसंस्था आणि अराज्यावरचं पुस्तक रशियनमध्ये काढलं. त्यातला त्याचा सवाल असा की कामगारवर्ग राज्यकर्ता झाला तर राज्य कोणावर करणार? आणि कामगारांचे प्रतिनिधी गादीवर बसले की ते कामगार राहतील का? मार्क्स तेव्हा रशियन शिकलेला होता. त्याने ते पुस्तक घेऊन उतारे उतरवून काढले आणि मध्ये मध्ये आपले शेरे लिहिले. जर्मनीत चार कोटी माणसं आहेत, ती सगळी सरकारात बसणार का, असं बाकुनिन खवचटपणे विचारतो. त्यावर मार्क्सचा शेरा आहे की हो, बसणार, कारण सुरुवातच गावपातळीच्या स्वशासनापासून आहे. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. ‘‘म्हणजे मार्क्सनं बाकुनिनचं प्रूफ तपासलं,’’ ते म्हणाले. ‘‘आणि करेक्शनं लावायला कोणी उरलं नाही.’’

नानांना हे सगळं कुठून माहीत, याचा उलगडा हळूहळू झाला. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते ज्या प्रेसमध्ये होते तिथे इंग्रजी पुस्तिकांचं काम यायचं. रणछोडदास भवान लोटवाला हे मुंबईतले धनिक. सँडहर्स्ट रोडवरच्या आर्यभवनात त्यांची संस्था होती. पुढे कम्युनिस्ट नेते झालेल्या डांग्यांनी १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका लिहिली, ती वाचून लोटवाला त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९२२ चं ‘सोशलिस्ट’ साप्ताहिक निघालं ते याच आधारावर. पुढे लोटवालांचं मन रशियाच्या वाटेवरून उडालं आणि त्यांच्या संस्थेने बाकुनिनसारख्यांचं लेखन छापायला घेतलं. तरुण नाना ते जुळवत होते. तेव्हा ते एका कम्युनिस्ट युनियनचे सभासद होते. संध्याकाळी सभेत एक ऐकायचे आणि सकाळी स्टिकमध्ये त्याच्या उलट वाचायचे.

त्याच लेखनात त्यांना एम. पी. टी. आचार्य भेटले. माणूस नव्हे, नाव. आचार्यांची गोष्ट नाना एखाद्या पुराणातल्यासारखी सांगत. मी पुढे ती ताडून पाहिली तर बहुतेक खरी निघाली. १८८७ सालचा मद्रासचा जन्म. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांच्या मंडळीत. मग युरोपभर भटकंती, रशियात लेनिनची भेट. १७ ऑक्टोबर १९२० ला ताश्कंदमध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाची पहिली स्थापना झाली तेव्हा अध्यक्षस्थानी हेच आचार्य. पण मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी बिनसलं आणि काही महिन्यांतच ते पक्षाबाहेर. रशियन चित्रकार पत्नी माग्दा नाखमान हिच्यासह ते बर्लिनला गेले आणि तिथे अराज्यवादी कामगार संघटनांच्या चळवळीत शिरले. १९३५ साली मुंबईत परतले. राज्य ताब्यात घेऊन राज्य संपत नाही, हे इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये जगभरच्या नियतकालिकांना लिहून पाठवत राहिले. १९५१ मध्ये माग्दा आपल्याच चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी वारली. १९५४ च्या मार्चमध्ये आचार्य याच शहरात गरिबीत गेले.

त्यांचं पूर्ण नाव मंडयम प्रतिवादी भयंकरम् तिरुमल आचार्य. मी ते नानांना वाचून दाखवलं तेव्हा ते पोट धरून हसले. ‘‘प्रतिवादी भयंकरम्! आणि सगळ्या पक्षांना भयंकर होऊन बसला. बरं झालं तीन इनिशियलवर भागवत होता, नाहीतर आमची ओळच तुटली असती.’’

पण नाना कुणाचे भक्त नव्हते. लोटवालांच्या त्या संस्थेचं पुढे काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं. राज्यविरोध कायम राहिला, पण पन्नाशीच्या दशकात तो खुल्या बाजाराच्या अंगणात जाऊन बसला. ‘‘नुसतं सरकार नको म्हणून भागत नाही,’’ नाना म्हणाले. ‘‘सरकारच्या मांडीवरून उठून माणूस शेठच्या मांडीवर बसतो.’’

त्यांना लळा होता तो फ्रेंच अराज्यवादी प्रूदाँचा. विचार पटत म्हणून नव्हे, तर तो स्वतः छापखान्यातला म्हणून. बेझाँसोंमध्ये प्रूदाँने खिळे जुळवले, प्रूफं तपासली. ‘‘आपल्या धंद्यातला,’’ असं म्हणून नाना कॉलर ताठ करायचे, जणू तो शेजारच्या गल्लीत कामाला होता.

१९८२ उजाडलं. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं कामाबाहेर. आमच्या मंडळात चर्चा एकच होती: नेतृत्व कोणाचं, दिशा कोणती. नानांचा पुतण्या लालबागच्या चाळीत राहायचा. एका रविवारी नाना मला म्हणाले, आज चर्चा नको, चल. आम्ही गेलो तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तांदळाचं पोतं सोडलेलं होतं. गावाहून आलेलं. चार बायका मापट्याने वाटत होत्या. मी सवयीने विचारलं, नोंद कुठे होते? एका बाईने माझ्याकडे पाहिलं, ‘‘कसली नोंद? कोणाच्या घरात किती तोंडं ते ठाऊक आहे की.’’ दहा नंबरच्या खोलीत बाळंतीण होती, तिला दीड माप जास्त गेलं. कोणी काही बोललं नाही.

परतताना नानांनी क्रोपोत्किन या अराज्यवाद्याचा विषय काढला. तो म्हणायचा, क्रांतीचा पहिला प्रश्न भाकरीचा. बंड झाल्या दिवसापासून लोकांच्या पोटात अन्न पडलं पाहिजे, गरजेप्रमाणे, कामाचा हिशेब न मागता. ते नंतर बघू म्हटलं की नंतर कधी येत नाही. १८९२ मध्ये त्याने यावर पुस्तक काढलं. मी म्हटलं, एका चाळीत ठीक आहे नाना, अडीच लाखांना मापटं पुरत नाही. ‘‘बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ही त्यांची सवय फार पंचाईत करायची. समोरच्याचं बरोबर असलं की ते लगेच बरोबर म्हणून मोकळे व्हायचे, आणि मग वाद घालायला काही उरायचं नाही.

रशियाबद्दलही तेच. मार्च १९२१ मध्ये क्रोन्श्टाटच्या खलाशांनी सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने नव्याने घ्या अशी मागणी केली आणि लाल सेनेने गोठलेल्या समुद्रावरून चालत जाऊन ते बंड मोडलं. बेट पूर्ण हाती आलं तो १८ मार्चचा दिवस. पॅरिस कम्यूनला त्याच दिवशी पन्नास वर्षं झाली. मी म्हटलं, चहूबाजूंनी यादवी, परक्या फौजा, दुष्काळ. राज्याची ताकद नसती तर क्रांती चार महिन्यांत चिरडली गेली असती. ‘‘बरोबर आहे.’’ आणि युक्रेनमधला तुमचा माख्नो? राज्य नको म्हणणाऱ्या त्याच्या सैन्यालाही सक्तीची भरती करावी लागली, गुप्तहेर ठेवावे लागले. ‘‘तेही बरोबर आहे.’’ मग थांबून म्हणाले, ‘‘मी मॅटर जुळवू नका म्हणत नाही. जुळवताना सोडायचा दिवस ठरवा, आणि सोडणारा माणूस जुळवणारा नसू दे.’’

दोन वर्षांनी हे सगळं पुस्तकांतून उठून आमच्याच पोटमाळ्यावर आलं.

ऑफसेटने धंदा खाल्ला होता. १९८४ च्या पावसाळ्यात मालक येईनासा झाला. चार महिन्यांचे पगार थकलेले. आम्ही सतरा जण. जमून ठरवलं की प्रेस आपणच चालवायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, एका दिवाळी अंकाचे काही फर्मे, काम होतं. तीन जणांची तात्पुरती समिती झाली, मी सचिव. मुदत दिवाळीपर्यंत. नंतर निवडणूक.

ते पहिले दोन महिने मी विसरणार नाही. सिलिंडरवरचा मशीनमन स्वतः गिऱ्हाइकाशी भाव ठरवायचा आणि आमच्याकडे बघून लाजायचा. बाइंडिंगमधली बाई प्रूफ वाचायला शिकली. पोटमाळ्यावर गाणी ऐकू यायची. मग एक दिवस कागदाची तीन रिमं गेली. कोणी नेली ते कळलं नाही. आम्ही कागदाच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

मग वही आली. कोण किती तास काम करतं ते लिहायचं आणि त्या प्रमाणात पैसे वाटायचे. मला ते फार न्याय्य वाटलं. मालकाची मर्जी गेली, गणित आलं. महिनाअखेरीला कळलं की घड्या घालणारी एक बाई, जिचं मूल आजारी होतं, तिच्या वाट्याला मालकाच्या वेळेपेक्षाही कमी आलं. तिने सही केली आणि काही न बोलता गेली. नाना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ‘‘मालक गेला,’’ ते म्हणाले, ‘‘पण वही त्याचीच राहिली.’’

मला राग आला. वही मी स्वतः आणली होती, सोळा आण्याला सोळा आणे हिशेब होता. लालबागच्या गॅलरीतली ती चार बायकांची पंगत मला त्या क्षणी आठवली नाही.

दिवाळी गेली. कामं खूप होती, निवडणूक संक्रांतीनंतर घ्यायचं ठरलं. संक्रांत गेली. आमच्या नोटिसांचा मथळा आणि खालची सही, ‘सचिव, तात्पुरती समिती’, हे मॅटर उभंच ठेवलेलं होतं. मधला मजकूर तेवढा बदलायचा. सोयीचं होतं. वर्ष उलटलं तरी ‘तात्पुरती’ हा शब्द रोज शाई खात होता.

नोव्हेंबर १९८५ मधली गोष्ट. सकाळी नोटीस काढायला गेले तर मॅटर नाही. नानांनी रात्री थांबून ते सोडून टाकलं होतं. ‘स’ सच्या खणात, ‘त’ तच्या खणात. मी सगळ्यांसमोर विचारलं, समितीचं मॅटर कोणाला विचारून सोडलंत? नाना म्हणाले, ‘‘मॅटर समितीचं होतं. खिळे सगळ्यांचे आहेत.’’

त्याच दुपारी मी मेमो लिहिला. पूर्वपरवानगीशिवाय मॅटर सोडल्याबद्दल खुलासा करावा. रागाने हात थरथरत होता. जुळवायला द्यायला वर गेले तर बाकीचे दोघे पत्रिकांत गुंतलेले. नानांनी हात पुढे केला. कागद वाचला, स्टिक घेतली, खिळे उचलू लागले. त्या टकटक आवाजाशिवाय पोटमाळ्यावर काही ऐकू येत नव्हतं. प्रूफ काढून माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘तू ‘पुर्व’ लिहिलं होतंस. पूर्वचा पू दीर्घ. प्रूफरीडरच्या मेमोत चूक बरी नाही दिसत.’’

खुलासा त्यांनी दिला नाही, मी मागितला नाही. आठवड्याने सभा घेतली. समिती बरखास्त झाल्याचं मी जाहीर केलं आणि मतं मागितली. नानांचा खरा पराभव झाला तो तिथे, आणि तो मी केला नाही. सोळांपैकी बारा जण म्हणाले, ताई, तुम्हीच बघा. किल्ली कोणालाच नको होती. किल्ली म्हणजे रात्री उशिरापर्यंत थांबणं, गिऱ्हाइकाच्या शिव्या, चोरीचा आळ. नाना मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं ते सोडणाऱ्याची वाट पाहत होते, आणि लोकांना सोडवून घ्यायचंच नव्हतं.

स्पेनबद्दल ते काय म्हणायचे, ते मला तेव्हा कळलं. १९ जुलै १९३६ ला बार्सिलोनाच्या कामगारांनी लष्कराचं बंड मोडलं. ट्रामा, कारखाने, न्हाव्याची दुकानंसुद्धा कामगारांनी चालवायला घेतली. आरागॉनमधल्या काही गावांनी पैसाच बंद केला. सीएनटी ही अराज्यवाद्यांची युनियन शहराची धनी झाली होती. पण कातालोनियाचं जुनं सरकार त्यांनी जागेवरून हलवलं नाही, आणि नोव्हेंबरात त्यांचेच चार जण माद्रिदच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. पुढच्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून रस्त्यात गोळ्या झडल्या आणि त्या ऑगस्टमध्ये आरागॉनची परिषद सरकारने मोडून काढली. ‘‘किल्ली पायाशी पडली होती,’’ नाना म्हणायचे. ‘‘खिशात घालायची नाही हे त्यांना ठाऊक होतं. कुलपाचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. मग किल्ली ज्याची होती त्याच्याकडेच गेली.’’

आमच्या सभेत तोडगा काढला तो बाइंडिंगमधल्या त्या घड्या घालणाऱ्या बाईने. किल्ली खिळ्याला टांगायची, सगळ्यांना दिसेल अशी, आणि दर सोमवारी एकाने सांभाळायची, पाळीपाळीने. वही बंद. महिन्याला जे येईल त्यातून आधी ज्याच्या घरी अडचण त्याला, उरलेलं सारखं. पाच महिने असं चाललं. एकदाच अर्धं रिम गेलं. मशीनमन दोनदा चिडून घरी बसला, कारण आपण जास्त राबतो असं त्याला वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं. १९८६ च्या एप्रिलमध्ये विजेचं बिल भरता आलं नाही. मशिनं भंगारात गेली. किल्लीने प्रेस बुडवला नाही, पाळीनेही नाही. गल्लीच्या बाहेरचं जग आमच्या किल्लीला जुमानत नव्हतं, इतकंच.

नाना १९९३ मध्ये गेले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी माझ्या हाती फ्रान्समधल्या एका विचारप्रवाहाचं लेखन आलं. १९६८ च्या उठावानंतर जील दोवे आणि त्याच्यासारख्या काहींनी मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की कामगारांचं राज्य हे संक्रमणाचं स्टेशन नको हे तर खरंच, पण कामगार समित्यांनी कारखाने चालवणं हेही उत्तर नव्हे. पानेकूकसारखे लोक, जो स्वतः नामांकित खगोलशास्त्रज्ञ होता, कामगार परिषदांवर भिस्त ठेवून होते. नेदरलँड्समधल्या त्यांच्या गटाने १९३० साली तासांच्या हिशेबावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेचा पूर्ण आराखडा मांडला: जितके तास काम, तितक्या तासांचा माल. दोवे म्हणतो, तासांचा हिशेब राहिला की मजुरी राहिली, मजुरी राहिली की माणसं मजूर राहिली, मग त्यांच्यावर देखरेख करणारं काहीतरी उगवणारच. क्रांती म्हणजे पैसा, मजुरी, राज्य ही नाती पहिल्या दिवसापासून मोडत जाणं. त्यासाठी आधी सत्ता, मग समाजवाद, मग साम्यवाद अशी स्टेशनं नाहीत.

मी पान खाली ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. गिरगावातला सातवी शिकलेला कंपोझिटर हे १९८४ मध्ये सहा शब्दांत म्हणाला होता. त्याने दोवे वाचलेला नव्हता. त्याच्या हातात फक्त एका आजारी मुलाच्या आईचा हिशेब होता.

हे विचार मला सगळे पटले असं म्हणणार नाही. विजेच्या बिलाचं काय करायचं, ते त्या पानांतही नीट लिहिलेलं नाही. लाखो लोकांना गॅलरीतल्या मापट्याने कसं वाटायचं, हा माझा जुना प्रश्न तिथेही उभाच आहे. पण आता कोणी ‘सध्यापुरतं’ असं म्हटलं, मग ते सरकार असो, संस्था असो, की सोसायटीची कमिटी, की मी विचारते: सोडायला कोण बसणार, आणि कधी? लोक त्रासतात. काही जण मला तिरसट म्हणतात. हे व्याज नानांच्या खात्यावर जमा होतं.

मेमोचं ते प्रूफ अजून माझ्याकडे आहे. पिवळं पडलंय. कडेला नानांच्या अंगठ्याची शाई आहे. सभा झाली, समिती गेली, प्रेस गेला, पण मेमो मागे घेत असल्याची नोटीस मी कधी काढली नाही. काढायला हवी होती. नाना असते तर त्यांनी ती जुळवून दिली असती आणि छापून झाल्यावर त्याच रात्री सोडूनही टाकली असती.

तेव्हा हा मजकूर म्हणजे ती नोटीस. नोव्हेंबर १९८५ चा तो मेमो मी मागे घेत आहे. पूर्वपरवानगी घेतलेली नाही. पू दीर्घ आहे, दोनदा तपासला.